सूचना लागते आणि मुदत सुरू होते

नांदेड जिल्ह्याच्या मुदखेड तालुक्यातल्या कुठल्याही तलाठी सजाच्या चावडीत गेलात, तर दाराशेजारच्या भिंतीवर डकवलेले कागद दिसतात. काही ताजे, काही उन्हानं पिवळे पडलेले. त्यांत एखादा तरी गाव नमुना नऊचा असतो. वर गाव, तालुका, जिल्हा. खाली फेरफार क्रमांक, गट क्रमांक, जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर चालली आणि कशानं चालली, खरेदीनं की वारसानं की वाटणीनं. आणि तळाशी एक वाक्य. या नोंदीबद्दल कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी, नाही कळवली तर हरकत नाही असं समजून पुढची कार्यवाही होईल. बाकीचा सगळा मजकूर या तळच्या वाक्यासाठी असतो.

पेपरात येणारी बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. पालकमंत्री येऊन गेले, रस्त्याचं भूमिपूजन झालं, निधी मंजूर झाला. ती आज वाचली काय, उद्या वाचली काय, वाचणाऱ्याच्या घरात फारसा फरक पडत नाही. तहसील, ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि नगरपरिषद जी बातमी भिंतीवर लावतात ती वेगळ्या जातीची. ती लागली की मुदत चालू होते आणि मुदत संपली की गप्प राहिलेल्या माणसाची संमती गृहीत धरली जाते. आपल्याकडे सरकारी बातमी म्हणजे योजनांची जाहिरात असा समज बसला आहे. खरं तर तुमच्या जमिनीची, घराची, मताची आणि नुकसानभरपाईची बातमी या कागदांवर असते, आणि ती तारखेसकट वाचावी लागते.

फेरफाराचंच पुढे बघू. आपल्या भागात त्याला ‘फेर ओढणं’ म्हणतात. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं गेलं की हल्ली त्याची माहिती संगणकावरून आपोआप तलाठ्याकडे जाते. (तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि जुनी माणसं पटवारी.) तलाठी नमुना सहाच्या वहीत नोंद घेतो, चावडीवर सूचना लावतो आणि ज्यांचा हितसंबंध कागदावर दिसतो त्यांना स्वतंत्र नोटीस देतो. पंधरा दिवसांत कोणी काही म्हटलं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या तक्रारींच्या वहीत जातं, सुनावणी होते, दोन्ही बाजूंचं ऐकून निर्णय द्यावा लागतो. ही सगळी व्यवस्था १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० मध्ये आहे. नोंद प्रमाणित झाल्यावर जाग आली तरी दार अगदी बंद होत नाही. उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं. पण पंधरा दिवसांत एका साध्या अर्जानं जे काम झालं असतं त्याला मग वकील, तारखा आणि भोकर-नांदेडच्या चकरा लागतात.

यात सर्वांत जास्त नुकसान लेकींचं होतं, आणि हे मला फार लागतं. बाप गेला, भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, अर्जात बहिणीचं नाव टाकलं नाही. चौकशीच्या वेळी गावातल्या पंचांनीही ‘एवढेच वारस’ असं सांगितलं. सूचना आपल्या तालुक्यातल्या बारडच्या चावडीवर लागते आणि लेक उमरीला किंवा धर्माबादला नांदते. तिचं नाव आधीपासून सातबाऱ्यावर नसल्यामुळे कागदोपत्री तिचा हितसंबंध दिसत नाही, म्हणून स्वतंत्र नोटीसही तिच्याकडे जात नाही. पंधरा दिवस जातात आणि तिच्या बापाच्या जमिनीवर फक्त भावांची नावं लागतात. कायद्यानं तिचा हिस्सा पूर्ण आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला. फेरफार म्हणजे मालकीचा अखेरचा निवाडा नव्हे, हेही न्यायालयांनी कितीदा तरी सांगून झालं आहे. तरीही पुढचं कर्ज, पुढची विक्री, पुढची भरपाई त्याच नोंदीवर चालते. आता महाभूमी संकेतस्थळाच्या ‘आपली चावडी’ या पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात सध्या कोणते फेर चालू आहेत ते कोणालाही घरबसल्या मोबाइलवर दिसतात. बापाच्या मागे सहा महिने तरी माहेरच्या गावाचं ते पान प्रत्येक लेकीनं अधूनमधून उघडावं. त्याला पैसे लागत नाहीत आणि भावाशी भांडणही करावं लागत नाही.

मुदखेडसारख्या गावात राहणाऱ्याची पहिली अडचण मात्र आपली बातमी कोणाकडे आहे हे कळण्याची असते. मुदखेड हे नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं जंक्शन. सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आणि आदिलाबादकडे जाणारा फाटा इथे वेगळे होतात. स्टेशन, फाटक, रेल्वेची जागा हे सारं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाचं. तिथे नगराध्यक्षाचं काही चालत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र थेट केंद्राच्या गृह खात्याखाली. शहरातली नळपट्टी, घरपट्टी, दिवाबत्ती, नाल्या, बांधकाम परवाना नगरपरिषदेकडे. सातबारा, दाखले, रेशनकार्ड, अतिवृष्टीची मदत तहसीलदाराकडे. खेड्यातली शाळा, आरोग्य उपकेंद्र, घरकुल, नळयोजना पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे. म्हणजे एकाच गावात चार सरकारं नांदतात आणि प्रत्येकाची भिंत वेगळी आहे. माणूस दिवसभराची मजुरी बुडवून तहसीलला येतो आणि ‘हे पंचायत समितीचं काम आहे’ असं ऐकून परत जातो, हे रोजचं चित्र आहे. कामाचा अर्धा भाग योग्य फलक शोधण्यात जातो.

मराठवाड्यात माणूस आणि सरकारी कागद यांच्यातल्या या दुराव्याला जुनी मुळं आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलुख निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारची भाषा उर्दू, गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. सरकारी कागद वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ज्याला वाचता येई त्याचा शब्द चाले. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक आजही आपल्याकडे जमिनीच्या वादात काढावं लागतं आणि त्याआधीचा कागद निघालाच तर तो वाचायला उर्दू जाणणारा माणूस धुंडाळावा लागतो. कागद हा आपला नसतो, तो साहेबाचा असतो, ही भावना तीन-चार पिढ्यांत मुरलेली आहे. पुढे महाराष्ट्र झाला, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. सत्ता गावात आली खरी. कागदाबद्दलचा बुजरेपणा मात्र तितक्या लवकर गेला नाही.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी दवंडी होती. हलगी वाजवत कोतवाल गल्लीगल्लीतून फिरायचा, चौकात थांबायचा आणि खड्या आवाजात निरोप द्यायचा. दवंडीला हसण्यासारखं काही नाही. ग्रामसभेची सूचना पंचायतीच्या फलकावर लावण्याबरोबरच दवंडी देऊन कळवावी, असं नियमातच आहे, आणि त्यामागे मोठा विचार आहे. भिंतीवरचा कागद शोधत माणसानं यावं लागतं, दवंडी माणसाला शोधत जाते. शेतात राहणारी वस्ती, गावाबाहेरचा तांडा, डोळ्यानं अधू झालेली आजी यांच्यापर्यंत पोहोचण्याची ती रीत होती. आता मुदखेड शहरात घंटागाडीच्या भोंग्यावरून करवसुलीच्या आणि पाणी सुटण्याच्या सूचना ऐकू येतात, तर खेड्यात दवंडीची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटानं घेतली आहे. गट चांगलाच आहे. पण गटात टाकलेला निरोप म्हणजे कायद्यानं दिलेली सूचना ठरत नाही, आणि गटात बहुधा पुरुष असतात, त्यातही सरपंचाच्या बाजूचे. पाचशे ‘शुभ सकाळ’च्या चित्रांखाली ग्रामसभेची तारीख गाडली जाते ती वेगळीच.

ग्रामसभेवर जरा जास्त थांबतो, कारण खेड्यात राहणाऱ्याला राज्यकारभारात थेट बोलण्याची ही एकच जागा आहे. विधानसभेत आपला माणूस जातो, ग्रामसभेत आपण स्वतः बसतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. साधारण सभेची सूचना सात दिवस आधी आणि विशेष सभेची चार दिवस आधी द्यावी लागते. पुरेशा कारणाशिवाय सभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. प्रत्येक सभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतील तर सभा आळीपाळीनं प्रत्येक गावात व्हावी असाही नियम आहे. वाडी-तांड्यावरच्या लोकांनी तो हट्टानं मागावा.

गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. पाचशे मतदारांच्या गावात ७५ माणसं हवीत. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे तीनशे, पण तिथे शंभरावर भागतं. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. हे जाणून असणारे पहिली सभा कोणाला फारशी कळू देत नाहीत, ती तहकूब होऊ देतात आणि मग वीस माणसांत सगळे विषय मंजूर करून घेतात. कायद्याच्या चौकटीत बसवून गाव बाहेर ठेवण्याचा हा सरळ मार्ग आहे. त्याला उत्तर एकच, पहिल्याच सभेला शंभर माणसं नेणं. मुदखेडच्या आसपास गुलाब, काकडा, गलांडा यांची शेती आहे आणि फुलं पहाटेपासून तोडावी लागतात. बायांची सभा सकाळी दहाला ठेवली तर तोडणीवरच्या बाया येणार कशा? वेळ बदलून मागायला कायद्याची आडकाठी नाही. सात दिवस आधी सूचना लागते ती याच्याचसाठी.

आता विषयपत्रिका जवळून वाचू. पहिला विषय जवळपास प्रत्येक गावात सारखा असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बहुतेकांना तो उपचार वाटतो, वही उघडली जाते, कोणी तरी चार ओळी पुटपुटतं, ‘मंजूर, मंजूर’ होतं. गावाचं सर्वाधिक नुकसान इथे होतं. अनेक ठिकाणी सभेच्या दिवशी कोऱ्या पानांवर सह्या आणि अंगठे घेतले जातात आणि ठरावाचा मजकूर नंतर सवडीनं लिहिला जातो. तुमची सही ज्या पानावर आहे त्याच्या वर तुम्ही कधी न ऐकलेला ठराव असू शकतो. म्हणून पहिल्या विषयाला उभं राहून एवढंच म्हणावं, ‘इतिवृत्त पूर्ण वाचा, ठराव क्रमांकासकट, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट.’ मागच्या वेळी झालं नाही ते वहीत सापडलं तर तिथल्या तिथे हरकत नोंदवून घ्यावी. विषयपत्रिकेतला शेवटचा विषयही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ज्या गोष्टी सात दिवस आधी लोकांना कळू नयेत असं वाटतं त्या पुष्कळदा इथून आत येतात. गायरानातली जागा, गाळ्याचा भाडेकरार, एखाद्या कामाला सुधारित मंजुरी. माणसं कंटाळून उठायला लागलेली असतात. तेव्हाच बसून राहायचं असतं.

मधले विषय पैशाचे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा हिशेब, वर्षभराच्या कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप त्यांच्या उत्तरांसह लोकांपुढे ठेवायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची मुभा होती. कोणत्या कामाला किती धरले आणि प्रत्यक्ष किती पैसे कोणत्या तारखेला दिले हे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून दिसतं. गावातलं शिकलेलं एखादं पोर सभेच्या आदल्या दिवशी तो तक्ता कागदावर उतरवून आणू शकतं. सभेत मग ‘तुम्ही पैसे खाल्ले’ असं ओरडावं लागत नाही. ‘नाल्यासाठी या तारखेला एवढे पैसे गेले, नाला कुठे आहे ते दाखवा’ एवढं विचारलं की पुरे.

हे विचारण्याची ताकद काय असते ते राजस्थानात दिसलं. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची बिलं आणि हजेरीपट मिळवून ती फक्त मोठ्यानं वाचून दाखवली. ज्यांची नावं हजेरीत होती तीच माणसं समोर बसलेली. आपण कधी गेलोच नाही त्या कामावर आपली मजुरी लागल्याचं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या वाचनातून निघालेली मागणी पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा त्याआधी, २००२ चा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तर ठराव घेण्याआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसवण्याची रीत पाडली. आपल्या तालुक्यात तेवढं जमेल तेव्हा जमेल. इतिवृत्त मोठ्यानं वाचून घेणं पुढच्या सभेपासून जमण्यासारखं आहे.

सभेइतकीच पावसाळ्यातली बातमीही वाचावी लागते, आणि तिथे हिशेब तासांवर सुरू होतो. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की तिथे अतिवृष्टी धरली जाते. मोजणारं यंत्र मंडळागणिक असतं. म्हणून मुगटकडे धो-धो कोसळला आणि बारडकडे कमी, तर दोन्हीकडची कागदावरची गोष्ट वेगळी होते, आणि आपलं गाव कोणत्या मंडळात आहे हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायला हवं. मग पंचनामा. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत बसते. २०२५ मध्ये आपत्तीच्या ठरलेल्या दरानं ती कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० होती. म्हणजे तुमच्या शेतात काय होतं हे कागदावर काय लिहिलंय त्यावर बरंच ठरतं. ते लिहिण्याचं काम १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीनं शेतकऱ्याच्याच हातात दिलं आहे. हंगामाची तारीख उलटायच्या आत मोबाइलवर शेताचा फोटो घेऊन पीक नोंदवायचं. केळी असून पेरा कोरा राहिला, गुलाब असून सोयाबीन लागलं, तर पंचनाम्याच्या वेळी वाद घालत बसावं लागतं.

पंचनाम्यानंतर याद्या तयार होतात आणि त्या गावात लावल्या जातात. इथे पुन्हा भिंत आली. यादीत नाव आहे का, गट क्रमांक बरोबर आहे का, क्षेत्र किती धरलं, हे त्याच आठवड्यात बघायचं. यादी वर गेली की तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक पडतो, तो घेऊन सेतू केंद्रावर ई-केवायसी करावी लागते. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असला तर हा हेलपाटा पुष्कळदा वाचतो. मदत मंजूर होऊनही पैसे खात्यावर पडले नाहीत अशी कितीतरी घरं दर वर्षी असतात, आणि खोलात गेलं तर बहुतेक वेळा केवायसीच झालेली नसते. पीकविम्याचंही असंच. एक रुपयात विमा ही गोष्ट सर्वांच्या डोक्यात बसली होती. खरीप २०२५ पासून ती योजना बंद झाली आणि खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आला. भरपाईही पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली. ज्यांना हे वेळेत कळलं नाही ते जुन्याच समजुतीत राहिले.

गोदावरीकाठच्या गावांना आणखी एक बातमी लागते, तीही रात्रीबेरात्री. नांदेड शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. जायकवाडीकडून आणि पूर्णेच्या खोऱ्यातून येवा वाढला की त्याचे दरवाजे उघडतात, आणि ते पाणी नांदेड ओलांडून मुगट, आमदुरा या बाजूला येतं. किती क्युसेकनं विसर्ग चालू आहे हा आकडा जिल्हा प्रशासन देतं. काठच्या माणसानं तो आकडा आणि आपल्या गावात मागे कोणत्या आकड्याला पाणी कुठवर आलं होतं, याची सांगड मनात ठेवावी. मोटारी काढायच्या की नाही, गुरं हलवायची की नाही, हे त्यावरच ठरवता येतं.

याच ठिकाणी एक सावधगिरी सांगतो. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि त्यांत मुदखेड आणि मुखेड हे दोन्ही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातल्या हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरून मोठा घात झाला. अशा वेळी पुढे ढकललेल्या निरोपात एक अक्षर गळलं की एका तालुक्यातली माणसं विनाकारण घाबरतात आणि दुसऱ्या तालुक्यातल्यांना वेळेवर कळत नाही. ऑनलाइन अर्ज भरतानाही तालुक्याच्या यादीत ही दोन नावं जवळजवळ येतात. सेतूवर बसलेल्या पोराच्या हातून चुकीचं नाव दाबलं गेलं तर अर्ज सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबच्या तहसीलला जाऊन पडतो. पावती हातात आली की पहिल्यांदा तालुका वाचावा.

शहरातल्या माणसाला ग्रामसभा नाही, ही मोठी उणीव आहे. मुदखेडची नगरपरिषद क वर्गातली, १९६५ च्या अधिनियमाखाली चालणारी. तिची सर्वसाधारण सभा सामान्यपणे लोकांना बसून ऐकण्यासाठी खुली असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. शहरवासीयाचा खरा हात आहे तो हरकतींच्या मुदतीत. घरपट्टीची नवी आकारणी आली की यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींना महिनाभराचा अवधी मिळतो. विकास आराखड्याचा मसुदा आला की ३० दिवस. तुमच्या मोकळ्या जागेवर शाळेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलंय का ते या ३० दिवसांत नकाशावर बघायचं. प्रभागाची मतदारयादी आली की जेमतेम आठवडा. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर मधली काही वर्षं प्रशासक होते. जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथेही प्रशासक आले. नगरपरिषदांची निवडणूक अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाली. प्रशासकाच्या काळात सभाच नव्हती, नगरसेवक विचारायला नव्हता, ठराव एका सहीनं होत होते. त्या काळात कोणती कामं मंजूर झाली, कोणत्या जागा कोणाला दिल्या, याची यादी मुदखेडकरांनी आता नव्या सभेकडून मागून घ्यावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

मागण्याचे रस्ते आहेत. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक कार्यालयात कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देईल याचा फलक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दाखला मुदतीत मिळाला नाही तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील होतं आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तक्रारी मांडण्यासाठी तालुक्याचा लोकशाही दिन असतो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या तिकिटावर होतो, उत्तर ३० दिवसांत यावं लागतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. लोक तीन पानी गाऱ्हाणं लिहितात आणि अर्ज तिथेच अडतो.

सर्वांत सोपी सोय सर्वांत कमी वापरली जाते. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हा आणि त्याखालच्या पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायला सांगितलं आहे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. दोघं-तिघं मिळून जावं, त्यांतला एक जण भराभर वाचणारा असावा. ग्रामपंचायतीचे दप्तरी नमुने ३३ आहेत, सगळे मागत बसू नये. ग्रामसभेची इतिवृत्त वही मागावी, घरपट्टीसाठी नमुना आठ मागावा, आणि एका ठरावीक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिल एकत्र मागावं. पान क्रमांक लिहून घ्यावेत. ज्या पानाची प्रत हवी तेवढ्याच पानांसाठी मग अर्ज करावा. क्रमांक दिलेला असला की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर देणं अवघड जातं. गेल्या वर्षीच्या चार ग्रामसभांपैकी कोणत्या सभा तहकूब झाल्या होत्या आणि त्या दिवशी पानावर किती सह्या आहेत, ही मोजणी पहिल्याच सोमवारी तासाभरात होऊन जाते.